काचेच्या पेटीतले कुरण

शहरातल्या दुकानांत अलीकडे मासे पाळण्याच्या काचेच्या पेट्या मांडलेल्या असतात. त्यांतल्या काहींच्या तळाशी बोटभर उंचीच्या वनस्पतीचा दाट हिरवा गालिचा पसरलेला आपण पाहिला असेल. शाळेत असे काही असावे असे एखाद्या शिक्षकाला वाटते, तो हौसेने रोप विकत आणतो, आणि महिनाभरात ते रोप पिवळे पडून कुजते. काचेवर शेवाळे चढते, पेटी अडगळीत जाते. शिक्षकाच्या हातात दोष नसतो. त्याच्या पदरी भलते रोप आलेले असते, इतकेच.

हा गालिचा जगभर लोकप्रिय केला तो जपानच्या ताकाशी आमानो यांनी. ते २०१५ साली वारले. त्यांच्या पेट्यांवर प्रखर दिवे असत आणि टाकीतला कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात सोडलेला असे. हा वायू आपल्या जुन्या पुस्तकांतला कर्बद्विप्राणिद. हवेत तो जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट मंद गतीने तो स्थिर पाण्यात पसरतो. पिकाला नत्र कमी पडले तर पान पिवळे होते हे शेतकऱ्याला सांगायला नको. पाण्याखालच्या पिकाला बहुधा हा कर्ब कमी पडतो. रोप वाढत नाही म्हणून लोक उजेड वाढवतात, आणि तिथेच फसतात. कर्बावाचून अडलेल्या रोपाला तो जादा उजेड वापरता येत नाही. तो शेवाळ्याच्या कामी येतो.

मग टाकी नाही, महागडा दिवा नाही, तर काय करावे? उत्तर मातीत आहे. अमेरिकेतल्या डायाना वॉल्स्टॅड यांनी १९९९ साली एक पुस्तक लिहून ही साधी रीत पुष्कळांपर्यंत पोचवली. तळाशी इंचभर साधी माती घालायची, तिच्यावर इंचभर धुतलेली जाड वाळू. मातीतला पालापाचोळ्याचा अंश सूक्ष्म जंतू हळूहळू कुजवतात आणि त्यातून निघणारा कर्बवायू रोपाला मिळतो. माशांच्या श्वासातूनही थोडा मिळतो. मात्र मातीत ताजे शेणखत किंवा युरिया मुळीच नको. त्यातून अमोनिया होतो आणि मासे मरतात. निव्वळ मातीतूनही सुरुवातीला थोडा अमोनिया सुटतो, म्हणून पहिले काही आठवडे पेटीत रोपेच ठेवा, पाणी अधूनमधून बदला, मासे मागाहून सोडा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते एक दिवस उघड्या बादलीत राहू द्यावे. आणखी एक. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत छप्पन लिटर पाणी मावते, म्हणजे छप्पन किलो वजन. डुगडुगत्या बाकावर ती ठेवू नका!

आता रोप कोणते? विकत घ्यायचे तर बुटक्या जातीचे सॅजिटेरिया घ्या. ते दूर्वेसारखे धावे सोडत पसरते आणि फारसे लाड मागत नाही. पण माझे मत विचाराल तर आधी भाताच्या खाचराकडे जा. बांधाच्या कडेला, ओलीत, चार दलांचे पान असलेली एक वनस्पती असते. पुष्कळजण तिला आंबुशी समजतात. आंबुशीला दले तीन, हिला चार. हिचे शास्त्रीय नाव मार्सिलिया. आयुर्वेदात हिला सुनिषण्णक म्हणतात. हे एक नेचे आहे. हिला फूल कधीच येत नाही; देठाच्या बुडाशी कडक दाण्यासारखी बीजाणूंची कोशिका धरते. रात्री दले मिटतात. वनस्पतिशास्त्राचे दोन-तीन धडे या एका रोपात सामावले आहेत.

तिचे आडवे खोड बोट-बोट तुकडे करून वाळूत लावावे. खाचरात औषध फवारलेले असू शकते, म्हणून रोप आधी आठ-दहा दिवस बादलीत ठेवून पाणी बदलत राहावे. हवेतली जुनी पाने झडतील. घाबरू नका, पाण्यातली नवी पाने वेगळीच येतात, कधी एका दलाची, कधी दोन. पाणी खोल असले की देठ लांबवून पाने वर तरंगवण्याची तिची खोड आहे. तशी पाने खुडावी. एवढे करूनही गालिचा न होता कुरण झाले, तर बिघडले कुठे? उन्हात पेटी ठेवू नये. उत्तरेची खिडकी बरी, किंवा लहान दिवा रोज सहा-सात तास. तळ भरायला दोन-चार महिने लागतात.

रात्री रोपेही प्राणवायू घेतात. सकाळी शाळा उघडताच मासे पृष्ठभागावर तोंड वासून दिसले तर मासे फार झाले असे समजा, आणि काही कमी करा.

पण ते, किंवा विकत आणलेल्या रोपांची छाटणी, ओढ्यात वा विहिरीत कधीही टाकू नका. आपल्या नद्यांचा गळा आवळणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून इकडे आली ती शोभेची वनस्पती म्हणूनच. मासे दुसऱ्या पेटीत द्यावे, छाटलेली पाने उन्हात वाळवून खताच्या खड्ड्यात टाकावी.