सुजाण मतदार, समर्थ लोकशाही

१३ मे २०२४ रोजी पुणे लोकसभा मतदारसंघात सुमारे ५३ टक्के मतदान झाले. विद्येच्या माहेरघरास हे भूषणावह नाही. शिवाय, ज्यांनी मत दिले त्यांनी तरी उमेदवार पारखला होता काय?

उमेदवारावरील खटले, मालमत्ता व शिक्षण जाणण्याचा मतदाराचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मान्य केला. त्यास मुरड घालणारी कायद्यातील तरतूद २००३ मध्ये रद्दबातल ठरविली. ही शपथपत्रे आज निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात. मात्र शपथपत्र हे उमेदवाराचेच कथन होय, आणि खटला म्हणजे दोषसिद्धी नव्हे. तारतम्य मतदारानेच राखावयाचे असते.

घर घेताना दहा कागद तपासणाऱ्या कुटुंबाने पाच वर्षांचा प्रतिनिधी निवडताना अर्धा तास अवश्य द्यावा.