धूर कुणाचा, सूट कुणाला?

(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



मी मॅट्रिक झालेला माणूस. कविता लिहितो आणि पोटासाठी गोदीत राबतो. मला बोलायला सांगितलंय विजेच्या मोटारींवर. तुमच्यातले काही हसले. हसा. आपल्या वस्तीत सायकल टेकवायला जागा नाही, तिथं मोटारीची चर्चा कशाला? पण काडेपेटीपासून चपलेपर्यंत आपण कर भरतो. तिजोरी आपलीही आहे. म्हणून हिशेब मागायचा.

एक गोष्ट आधीच साफ करतो. मी विजेच्या गाडीच्या विरोधात नाही. परदेशी जाणाऱ्या गाड्या जहाजाच्या पोटात चढवतात आणि आम्ही त्या पट्ट्यांनी आवळून बांधतो. डेक बंदिस्त, एकामागून एक गाडी चालू, पंखे घरघरतात तरी धूर हटत नाही. पाळी सुटल्यावर थुंकलो की थुंकी काळी. धूर वाईट असतो हे मला कुणी पुस्तकातून शिकवू नये. धूर गेलाच पाहिजे. पण तो घालवायला सरकार कुणाच्या खिशात पैसा घालतं, हा सवाल आहे.

आता आकडे घ्या. विजेच्या गाड्यांवरचा जीएसटी ऑगस्ट 2019 मध्ये 12 टक्क्यांवरून 5 टक्के केला. सप्टेंबर 2025 पासून मोठ्या पेट्रोल मोटारीवर 40 टक्के लागतो. म्हणजे 20 लाख मूळ किमतीची मोठी पेट्रोल गाडी घेणारा 8 लाख कर भरतो आणि तेवढ्याच किमतीची विजेची घेणारा 1 लाख. 7 लाखांचा फरक! गाडी 50 लाखांची असली तरी 5 टक्केच. वर मर्यादाच नाही. आणि डिलिव्हरीची पोती लादून दिवसभर पळणाऱ्या पोरानं विजेची दुचाकी घेतली, तर केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत 2025-26 साली तिच्यावर अनुदान किती? जास्तीत जास्त 5,000 रुपये. त्याला मर्यादा बरोबर आठवली.

मार्च 2024 मध्ये केंद्रानं आणखी एक योजना काढली. जी कंपनी इथं 4,150 कोटी गुंतवायचं कबूल करेल, तिला वर्षाला 8,000 विजेच्या मोटारी फक्त 15 टक्के आयात शुल्कात आणता येतील. अट काय, तर गाडी किमान 35,000 डॉलरची हवी. नीट ऐका. किमान! गाडी स्वस्त असेल तर सवलत नाही.

आपलं राज्यही मागं नाही. 30 लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर 6 टक्के कर लावायचा प्रस्ताव 2025 च्या अर्थसंकल्पात होता. मार्च संपायच्या आत तो मागं घेतला. ऑगस्ट 2025 पासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ झाला. शिवडीहून निघून समुद्रावरून न्हावाशेव्याच्या बाजूला उतरणारा तो पूल. मोटारीला एका फेरीचे 250 रुपये पडायचे. दुचाकी आणि रिक्षा त्या पुलावर चालतच नाहीत, बंदी आहे. म्हणजे ज्याला पुलावर पाऊल टाकता येत नाही, त्याच्यासाठी माफीचा प्रश्नच मिटला.

आणि त्याच वर्षी, मे महिन्यात, मुंबईत बेस्टच्या बसचं किमान भाडं 5 रुपयांचं 10 झालं.

कुणी म्हणेल, आधी श्रीमंतांनी घेतली की पुढं सगळ्यांसाठी स्वस्त होईल. यात थोडं खरं आहे. कारखाने वाढले की बॅटरीची किंमत उतरते. पण मग बसनं का उतरू नये? एक बस साठ माणसं नेते. पीएम ई-ड्राइव्हमध्ये 14,028 विजेच्या बसगाड्यांसाठी 4,391 कोटी ठेवलेत, हे चांगलं आहे, मी नाकारत नाही. पण बस विजेची झाली आणि ड्रायव्हर कंत्राटी राहिला, तर बदललं काय? ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत भाडेतत्त्वावरच्या बसचे ड्रायव्हर पगारासाठी संपावर गेले होते. इंजिन बदललं, मुकादम तोच.

आणि धूर संपतो कुठं? अजून आपली निम्म्याहून जास्त वीज कोळशाची. मलबार हिलवर गाडी चार्ज होते, राख चंद्रपूरला पडते. धूर मेलेला नाही, त्यानं फक्त पत्ता बदललाय. आणि नवा पत्ता कायम गरिबाचाच असतो.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचं खातं त्यांच्याकडंच होतं. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, त्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची 1943 सालची मांडणी. त्यांच्या डोळ्यांपुढं वीज होती ती माणसं वर काढायला. कुणाची मोटार गुळगुळीत पळवायला नव्हे.

म्हणून आपलं मागणं सरळ आहे. महागड्या मोटारींची करसवलत काढा. तो पैसा बसमध्ये घाला, भाडं खाली आणा, ड्रायव्हर-कंडक्टर कायम करा. रिक्षा आणि दुचाकीवाल्यांसाठी चार्जिंग वस्तीच्या तोंडाशी द्या, मॉलच्या तळघरात नको.

उद्या सकाळी मी पुन्हा जहाजाच्या पोटात उतरणार आहे. तिथं धूर असेल. तो धूर ज्या दिवशी माझ्या छातीतून जाईल, त्या दिवशी मी म्हणेन, धोरण आलं. तोवर ती फक्त सूट आहे, आणि सूट आजवर साहेबाच्याच अंगाला बसत आलाय.

जय भीम.