टोमॅटोचा खोडवा

बोईसर-तारापूरकडे भातकापणीनंतर लावलेली टोमॅटोची झाडे चैत्राच्या सुमारास थकली, की त्यांचा खोडवा राखावा की उपटून नवे बी पेरावे, हा सवाल दरसाल उपस्थित होतो. टोमॅटो स्वभावतः बहुवर्षायू असल्याने वीतभर खोड राखून छाटल्यास बगलेतून कोवळे धुमारे सहसा फुटतात. परंतु पांढऱ्या माशीने पसरविलेला, पाने मुरडविणारा विषाणू एकदा अंगी भिनला, की छाटणीने तो जात नाही, आणि पुढे आषाढात पाणी तुंबले तर मर रोग उरलीसुरली वसुली करतो. वांग्याची गोष्ट निराळी. त्याला छाटणी मानवते. टोमॅटोच्या निरोगी झाडाचा बगलफुटवा ओल्या मातीत हवा तर खोचावा, त्यास मुळे लवकर सुटतात. बाकीची झाडे बेलाशक उपटून, पावसाळा सरताना गादीवाफ्यावर ताजे बी टाकावे.