चुकीच्या शिक्षेची भरपाई



नाशिककडच्या एका खून खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सुप्रीम कोर्टाने २००९ साली फाशी सांगितली. २०१९ साली त्याच कोर्टाने सहाही जण निर्दोष सोडले आणि महाराष्ट्र सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला लावले. जवळजवळ सोळा वर्षे आत! आम्ही गिरणीवाले, पगाराच्या भाषेत हिशेब करणार. महिन्याला सव्वीसशे रुपये पडले!

तेही कोर्टाने दिले म्हणून. हक्काने भरपाई देणारा कायदा करा, असे विधी आयोगाने २०१८ साली सांगितले. तो अजून झालेला नाही.

पेण-रोह्यात आपले कोणी आत असेल, तर पहिल्याच दिवशी तालुका कोर्टात फुकट वकील मागा. कैदेतल्या माणसाला तो हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे. अर्ज आम्ही लिहून देऊ.