घर दोघांचे, दस्तही दोघांचा



घर दोघांच्या कष्टांतून उभे राहते. कागदावर मात्र ते बहुधा एकट्या पुरुषाचे असते. पतीच्या हयातीत त्याच्या स्वकष्टार्जित घरावर हिंदू पत्नीची मालकी कायदा मानीत नाही. 1956च्या वारसा कायद्याने ती वारस ठरते, परंतु त्याच्या मृत्यूनंतर. आणि मृत्युपत्र करून तिला वगळण्याची मुभा त्याला आहेच. 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला घरात राहण्याचा हक्क दिला. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे.

शेजारच्या गोव्यात चित्र निराळे आहे. 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या व्यवस्थेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास, पती-पत्नींची मालमत्ता सामाईक ठरते आणि घर विकताना दोघांचीही संमती लागते. महाराष्ट्रात हे काम पतीच्या सद्बुद्धीवर सोपविलेले आहे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमाने जमिनीबाबत ती सद्बुद्धी जागविण्याचा प्रयत्न केला. 2003 साली शासनाने ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर दोघांच्या नावे नोंदविण्याचा निर्णय घेतला. हे पाऊल स्वागतार्ह खरे. परंतु घरपट्टीच्या वहीतील नाव मालकी सिद्ध करीत नाही. त्यासाठी नोंदणीकृत दस्तच हवा.

हा दस्त म्हणजे बक्षीसपत्र. तो वकिलाकडूनच लिहून घेतला पाहिजे, असे कोणताही कायदा म्हणत नाही. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या अटी मोजक्या आहेत : देणाऱ्याची सही, किमान दोन साक्षीदारांच्या सह्या, नोंदणी, आणि देणाऱ्याच्या हयातीत घेणाऱ्याचा स्वीकार. घराचे वर्णन, चतुःसीमा आणि मालकी कशी आली हे मूळ दस्तावरून उतरून काढावे. संपूर्ण घर द्यावयाचे की निम्मा अविभक्त हिस्सा, हे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त दुय्यम निबंधकापुढे नोंदणीसाठी हजर करावा. राहत्या घराच्या अशा बक्षिसावर पती-पत्नींमध्ये मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये ठेवण्याची सवलत महाराष्ट्राने 2015 साली दिली. स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी यांची चौकशी कार्यालयात आधीच करावी. नंतर मिळकत पत्रिकेवर फेरफार, सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव आणि घरपट्टीत बदल, ही कामे अर्ज देऊन होतात.

घरावर कर्ज असेल, तर बँकेची संमती प्रथम घ्यावी लागते. घर वडिलोपार्जित व न वाटलेले असेल किंवा मालकीचाच वाद असेल, तर मात्र जाणकार वकिलाचा सल्ला टाळू नये. तेथे केलेली काटकसर पुढे महाग पडते.

“घरातल्या घरात कागद कशाला?” असा प्रश्न हमखास विचारला जातो. तो विचारणाऱ्याचे नाव बहुधा आधीच कागदावर असते! नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला या कागदाचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नाही. उलट बाजूचा धोकाही ध्यानात ठेवावा. हीच सवलत पत्नीचे घर पतीच्या नावे करून घेण्यासही उपयोगी पडते, आणि एकदा दिलेले बक्षीस केवळ मन बदलले म्हणून परत घेता येत नाही. म्हणून सही करणाऱ्याला दस्त मोठ्याने वाचून दाखविला जावा, आणि त्या वेळी तिच्या विश्वासाचे माणूस जवळ असावे.

तेव्हा मागणी साधी आहे. सोप्या मराठीतील बक्षीसपत्राचा छापील नमुना प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयात विनामूल्य मिळावा, आणि पती-पत्नींच्या अशा दस्तावर स्थानिक अधिभार नसावा. कार्यकर्त्यांनी मात्र शासनाची वाट पाहू नये. स्त्रीमुक्तीच्या ठरावावर हात वर करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घराच्या उताऱ्यावर कोणाचे नाव आहे, हे आधी तपासावे.