नुसता आकडा

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे, त्यामुळे फार वेळ घेणार नाही. आम्ही तिघे-चौघे अभियांत्रिकीचे निवृत्त मास्तर. संध्याकाळी सुरसागरच्या काठी बसतो आणि गप्पा फिरून एकाच ठिकाणी येतात: जन्मभर तपासणी केली, पण मुलांना सांगितलं काय?

आपल्या बडोद्यात या शिक्षणाची सुरुवात चांगली झाली होती. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर पहिले प्राचार्य. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. पुढे १९४९ साली विद्यापीठ झालं आणि आजची तंत्रज्ञान विद्याशाखा त्याच कलाभवनातून वाढली. हाताला काम देऊन शिकवायचं, ही त्या संस्थेची रीत.

वर्कशॉपमध्ये ही रीत कुठेही टिकून असते. मुलगा व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरून कानस मारतो. मिस्त्री येतात, तुकड्याला गुण्या लावतात आणि उजेडासमोर धरतात. जिथून उजेड दिसला तिथे खोल, जिथे गुण्या टेकला तिथे उंचवटा. मिस्त्री बोट ठेवून म्हणतात, "इथे अजून घास." मुलगा पुन्हा घासतो. चूक कुठे ते कळलं, लगेच कळलं आणि सुधारायला तुकडा हातातच आहे. गुणांचा विषयच निघत नाही.

आता ड्रॉइंग हॉलमध्ये या. तिथे आम्ही होतो! साठ-साठ शीट, लाल पेन्सिल, दहापैकी सहा, सही, पुढचा. जर्नलवर तर नुसतं 'चेक्ड'.

एक मुलगा होता, मांडवीकडचा. शीट स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं. पण वरून दिसणारा देखावा तो समोरच्या देखाव्याच्या वर काढायचा. आपल्याकडे शिकवतात त्या फर्स्ट अँगल पद्धतीत तो खाली यायला हवा. आम्ही दर वेळी गुण कापले. चार, चार, पाच. वर्षाअखेरीच्या तोंडी परीक्षेत विचारलं, "अरे, हे सुधारलं का नाहीस?" तो म्हणाला, "सर, मला वाटलं माझ्या रेषा जाड येतात. म्हणून मी टूएच सोडून फोरएच पेन्सिल घेतली." वर्षभर तो पेन्सिली बदलत राहिला. एक वाक्य लिहायला आम्हाला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याचं ते वर्ष गेलं.

रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ साली इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग आम्ही फार उशिरा वाचला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढचं काम सुधारलं ते फक्त शेरा मिळालेल्यांचं. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. म्हणजे आकडा दिसला की शेरा कोण वाचतो? आपणही निकालपत्रात आधी टक्केच पाहतो की.

मग नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आम्ही क्रम बदलला. शीट परत देताना गुण नाहीत, फक्त एक शेरा, आणि तोही नेमका. 'नीट काढ' असला नाही, तर 'हा देखावा खाली घे' असा. आठ दिवसांची मुदत, दुरुस्त शीट आली की मग गुण. साठ शीट दोनदा पाहणं एकट्याने जमेना, म्हणून पहिली तपासणी मुलांनीच एकमेकांची करायची ठरवली. दुसऱ्याची चूक शोधताना स्वतःची सापडते, हे तिथे डोळ्यांनी पाहिलं. शीटवर खाडाखोड वाढली. देखणेपणा कमी झाला, हेही खरं. पण शेजाऱ्याचं शीट काचेवर ठेवून छापणं कमी झालं, कारण शेरा ज्याचा त्याचा वेगळा.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. एक काका येऊन रागावले, "मास्तर, मुलगा किती शिकला ते कळणार कसं, मार्क नाहीत तर?" त्यांना आम्ही मुलाची दोन शीट शेजारी ठेवून दाखवली, आधीचं आणि नंतरचं. काकांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे खालचं चौकोनी काय आहे?" मुलाने ते त्यांना समजावून सांगितलं, आम्ही मध्ये बोललो नाही.