कार्डाची खाच आणि उघडी लिपी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मला 'संगणक' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी त्यातला एक लहानसा कोपरा घेतो. शाळेच्या कपाटात जुने लॅपटॉप पडून आहेत. ते भंगारात द्यायचे की मुलांच्या हाती, असा प्रश्न आहे. माझं म्हणणं, आधी लिनक्स टाकून पाहा.

बहुतेक जण अडतात ते एकाच जागी. लिनक्स बसतं, पण बाजूच्या खाचेतलं वायफायचं कार्ड चालत नाही. म्हणून आधी ती खाच ओळखा. जुनी खाच पीसी कार्डाची : 54 मिलिमीटर रुंद, आत 68 पिना. नंतरची एक्सप्रेसकार्डाची; तिच्यातली कार्डं 34 किंवा 54 मिलिमीटरची. एकीचं कार्ड दुसरीत बसत नाही, उगाच रेटू नका.

दुसरी गोष्ट, खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या कार्डात वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी चिप असू शकते, आणि ड्रायव्हर जुळतो तो चिपशी. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की कार्डाची ओळख कळते. आकडे हवे असतील तर पुढे 'एनएन' जोडायचं. काही एक्सप्रेसकार्डं आतून यूएसबीची असतात, ती 'एलएसयूएसबी'त दिसतात. जुन्या 16 बिटांच्या कार्डांसाठी 'एलएसपीसीएमसीआयए' आहे. मग 'डीमेसेज' वाचा. पुष्कळदा तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की ड्रायव्हर मिळाला, पण फर्मवेअर सापडलं नाही. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम. ती फाईल 'लिब' फोल्डरातल्या 'फर्मवेअर'मध्ये ठेवून संगणक पुन्हा सुरू केला, की पुष्कळ कार्डं जागी होतात. 2023 साली आलेल्या डेबियन 12 पासून हे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येतं, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला आहे.

हे सगळं आयतं आलेलं नाही. 1990 च्या दशकात डेव्हिड हाइंड्स या गृहस्थांनी लिनक्ससाठी पीसी कार्डांची व्यवस्था लिहिली आणि वर्षानुवर्षं सांभाळली. कुणाकडे नवं कार्ड आलं की तो त्याची माहिती कळवायचा, यादी वाढत जायची. 2001 च्या 2.4 कर्नेलमध्ये ही सोय मूळ गाभ्यातच आली. ज्या कंपन्या चिपची माहिती देत नव्हत्या, त्यांच्यासाठी 'एनडिसरॅपर' नावाची युक्ती निघाली : विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवायचा. काम भागायचं, पण आत काय लिहिलंय ते वाचता येत नसल्यामुळे बिघडलं तर कुणालाच दुरुस्त करता येत नव्हतं.

रिद्धपूरच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. म्हाइंभटांनी इथेच लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ जपण्यासाठी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या वापरल्या. ग्रंथ जपले गेले खरे, पण ज्याला किल्ली ठाऊक नाही त्याला ते वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांसारख्या संशोधकांनी ती लिपी उलगडली, तेव्हा हे धन साऱ्या मराठीचं झालं. आज त्याच गावात मराठी भाषा विद्यापीठ उभं आहे. तिकडे हेतू जतनाचा होता, इकडे धंद्याचा. पण वाचता न येणाऱ्याची अडचण दोन्हीकडे सारखीच.

मात्र उघडं असलं म्हणजे कायम टिकेल असंही नाही. लिनक्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांतून काही जुन्या कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले आहेत, कारण ते सांभाळणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांचा कोड जुन्या आवृत्त्यांत अजून आहे, कुणालाही घेता येतो. पण तो चालवून पाहायला हाताशी ते कार्ड हवं आणि अंगात चिकाटी हवी. कार्डं तर आपल्या कपाटातच आहेत.

म्हणून एक विनंती. शाळेत एक वही ठेवा. प्रत्येक लॅपटॉपपुढे कार्डाचे आकडे, ड्रायव्हरचं नाव, काय चाललं, काय नाही, हे लिहा आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव टाका. पुढच्या वर्गातली पोरं तिथून पुढे जातील. नववी-दहावीच्या मुलांना हे सहज जमेल, आणि सुटीत गावी आलो की मीही त्यांच्यासोबत बसेन.